आधी चौक, मग चित्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी वारली चित्रं पाहिली. हात स्वच्छ आहे, पण सगळी माणसं एकाच साच्यातली वाटतात.

पुढचं चित्र मांजरपाटावर कर. आधी पातळ शेणाचा हात, सुकला की गेरू. तांदूळ रात्रभर भिजव, गंधासारखा बारीक वाट, फडक्यातून गाळ आणि दाट ताकाइतका ठेव. नुसतं पीठ सुकलं की कापडाच्या घडीवर त्याचे पोपडे सुटतात, म्हणून थोडं डिंकाचं पाणी घाल. डिंक जास्त झाला तर रेघ चमकते नि तडकते. भिंतीवर हा प्रश्नच नव्हता. लग्नासाठी घराच्या भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र म्हणजे चौक; लग्न झालं की त्याचं काम संपलं, पुढे त्यावर नवं सारवण. टिकण्याची काळजी कागदाबरोबर आली.

ब्रश बाजूला ठेव. बांबूची बारीक काडी घे, तिचं टोक चावून मऊ कर.

माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि सगळा जीव त्या कमरेच्या बिंदूत. भात लावणाऱ्या बाईचा वरचा त्रिकोण जवळजवळ आडवा होतो. डोक्यावर हंडा असलेलीचा ताठ राहतो. तू सगळ्यांनाच ताठ ठेवलंस, म्हणून तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या तुझ्या फेरात कुणी नाचत नाही.

लग्नचौक सवाशिणी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, मध्ये पालघट देवी. काय काढायचं ते ठरलेलं. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडे कागद नेले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) लग्नाचं निमित्त नसतानाही रोज काढू लागले. त्यांचं मासेमारीचं जाळं बघ: केसाएवढ्या रेघांचं, अख्खा पृष्ठभाग व्यापणारं. असं जाळं चौकात नसतं, ते त्यांनी स्वतः ठरवलं. पण ती रेघ चौकातूनच आलेली. चौक बायकांचा, कागदावर मात्र नावं बहुतेक पुरुषांची झाली, याची खंत वाटते. शिकायचं तर चौक काढणाऱ्या एखाद्या आजीजवळ बस. आणि पालघट शोभेच्या वस्तूंवर छापू नकोस. ती देवी आहे.

आता दहा माणसं काढ, दहा वेगवेगळ्या कामांत. तारपा नको, झाड नको, मोकळ्या जागेत काही भरायचं नाही. कापड गुंडाळून पाठव, घडी घालू नकोस.