फ्रिज उत्तरेत, भोक दक्षिणेत

प्रश्न : आमच्या नववीतल्या मुलीनं विचारलं, “फ्रिजमधले सीएफसी वायू जास्त सोडले युरोप-अमेरिकेनं, मग ओझोनला भोक अंटार्क्टिकावर का?” मला सांगता आलं नाही.
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरची ओझोन घटल्याची मोजमापं छापली, तेव्हा भलेभले रसायनतज्ज्ञही इथंच अडले होते.

सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, क्लोरीन असलेले वायू. ते वर्षानुवर्षं टिकतात आणि पृथ्वीभर पसरतात. म्हणजे त्यांच्यातून सुटलेला क्लोरीन आपल्याही डोक्यावर आहे. पण त्यातला बहुतेक हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन संयुगांत अडकलेला असतो. ती ओझोनच्या वाटेला जात नाहीत, आणि नुसत्या हवेत एकमेकांशीही त्यांची अभिक्रिया जवळजवळ होत नाही.

मी अकरावीला तीस वर्षं एक प्रयोग दाखवला : हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची चिमूट. एरवी शांत असलेलं द्रावण फसफसून येतं, पूड मात्र तशीच राहते. तिनं दिला तो फक्त पृष्ठभाग. अंटार्क्टिकावर हे काम ढग करतात. हिवाळ्यातल्या लांबच लांब रात्रीत १५ ते २५ किलोमीटरवर तापमान उणे ७८ अंशांखाली उतरतं आणि बर्फाचे, नायट्रिक आम्लाचे कण धरतात. हायड्रोजन क्लोराइड त्यांच्यावर चिकटतो, क्लोरीन नायट्रेट येऊन त्याला भिडतं, आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. नायट्रिक आम्ल कणातच राहतं, त्यामुळे क्लोरीनला पुन्हा अडकवणारं फारसं कुणी उरत नाही. वसंतात ऊन परतलं की तो वायू फुटतो आणि त्याचे अणू ओझोनचा फडशा पाडतात. उत्तर ध्रुवावर इतकी थंडी इतके दिवस सहसा टिकत नाही.

हा ढगांचा विचार मांडणाऱ्यांत अमेरिकन रसायनतज्ज्ञ सुसान सोलोमन पुढे होत्या. १९८६ मध्ये, अवघ्या तिशीत, त्या मोहीम घेऊन अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर गेल्या. तिथं त्यांच्या पथकानं चंद्रप्रकाशाच्या आधारे क्लोरीन डायऑक्साइड (क्लोरीन मोकळा झाल्याची खूण) मोजला, तो अपेक्षेच्या कितीतरी पट निघाला. हे मुलीला जरूर सांगा.

बर्फच लागतो असंही नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीनं दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, त्यांनीही तसाच पृष्ठभाग दिला, आणि पुढची दोन वर्षं ध्रुवांपासून दूरही ओझोन घटला.

वर्गात फळ्यावर ती दोन संयुगं लिहा, मध्ये एक बर्फाचा कण काढा आणि बाण मुलीलाच काढू द्या.