आधी पडदा कोणता ते सांग

प्रिय मित्रा,

तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा भराभर, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सुपर निन्टेन्डो आणि सेगा मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडून खेळायच्या दोन जुन्या गेम कन्सोलमध्ये सरस कोण, हा प्रश्न तू तक्ता मांडून सोडवलास. रंग किती, प्रोसेसरचा वेग किती, स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रं) किती. मग बेरीज केलीस आणि सुपर निन्टेन्डोला विजयी ठरवलंस. आकडे बहुतेक बरोबर आहेत आणि मेहनतही दिसते. तरी हा लेख इतक्यात कुणाला दाखवू नकोस असं मी म्हणेन, कारण लिहिणाऱ्याने हे गेम खेळले आहेत याची खूण त्यात कुठे सापडत नाही.

तक्त्यापासूनच सुरुवात करू. मेगा ड्राइव्हमधला मोटोरोला ६८००० साधारण ७.६ मेगाहर्ट्झने चालतो आणि सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ ने, म्हणून सेगा दुप्पट वेगवान, असं तू लिहिलंस. पण हे दोन प्रोसेसर वेगळ्या घराण्यांतले आहेत. ६८००० ला मेमरीतून एकदा काही आणायचं तर त्याच्या घड्याळाचे किमान चार ठोके लागतात, मात्र तो एका खेपेत दोन बाइट आणतो. सुपर निन्टेन्डोतला प्रोसेसर जुन्या ६५०२ च्या वंशातला; तो एका ठोक्याला एक बाइट उचलतो. एकाची ढांग लांब, दुसऱ्याची पावलं भराभर पडणारी. पावलं मोजून शर्यतीचा निकाल लागत नाही. ‘बिट’ (प्रोसेसर एका वेळी किती मोठा आकडा हाताळतो त्याचं माप) या शब्दाचंही तेच. १९८७ चा पीसी इंजिन हा जपानी कन्सोल घे. त्याचा प्रोसेसर ८-बिटचा, चित्र रंगवणाऱ्या चिपा १६-बिटच्या. आता त्याला कोणत्या रांगेत बसवशील? बिट हा जाहिरातीला सोयीचा आकडा होता. सेगाच्या अमेरिकन जाहिरातींतलं ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ही तसंच, ऐकायला दणकेबाज.

तुझ्या तक्त्यात एक आकडा मात्र नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यात बोलका आहे. मेगा ड्राइव्हचे बहुतेक गेम ३२० पिक्सेल रुंद चित्र काढतात, सुपर निन्टेन्डोचे २५६. १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये तू जिवाच्या आकांताने पळत असतोस. पुढचा खड्डा थोडा आधी दिसणं म्हणजे काय, हे तिथे बोटांना कळतं. उलट सुपर निन्टेन्डोकडे एकाच वेळी २५६ रंग, तेही ३२,७६८ छटांमधून निवडलेले. सेगाकडे ५१२ छटांमधून साठ-एकसष्ट. म्हणून धुकं, पहाट, पाण्याचा तळ ही सुपर निन्टेन्डोची बलस्थानं झाली आणि धातू, निऑन, धावपळ ही सेगाची. हा फरक आकड्यातून सुरू होतो खरा, पण गेम हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

आवाजाला तू एकच ओळ दिलीस: ‘सेगाचा आवाज पत्र्यासारखा.’ इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण कित्येक वर्षं मीही नेमकं हेच म्हणत होते. पुढे एकदा खऱ्या यंत्राचा आवाज चांगल्या स्पीकरवर ऐकला आणि लक्षात आलं की माझं मत ज्यावर उभं होतं तो आवाज एका अर्धवट एम्युलेटरचा, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा होता. वरचे सूर चिरके आणि खालचा खर्ज जवळजवळ गायब. मी यंत्राबद्दल बोलत नव्हतेच, त्याच्या वाईट नकलेबद्दल बोलत होते. ज्यांना मी हे ठासून सांगितलं होतं त्यांच्याबद्दल मला अजून रुखरुख वाटते.

मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची वायएम२६१२ ही चिप आहे. ती सूर साठवून ठेवत नाही, एका लहरीने दुसऱ्या लहरीला हलवून तो तिथल्या तिथे घडवते. सहा चॅनल, म्हणजे एका वेळी सहा आवाज. आयते, घाईघाईने निवडलेले सूर वापरले तर तुझा पत्रा ऐकू येतो, हे खरं. पण युझो कोशिरो या संगीतकाराने ‘स्ट्रीट्स ऑफ रेज २’साठी काय केलं ते ऐक. स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेतलेल्या संगीत-भाषेत, जुन्या संगणकावर, त्याने ते ओळीओळीने लिहिलं. १९९२ चा तो गेम रात्रीच्या क्लबसारखा घुमतो.

सुपर निन्टेन्डोचा मार्ग वेगळा. तिथे खऱ्या वाद्यांचे छोटे तुकडे साठवून आठ चॅनलवर वाजवले जातात. अडचण अशी की आवाजाच्या वाट्याला मेमरी फक्त ६४ किलोबाइट. त्यात वाद्यांचे नमुने, सुरांची यादी, प्रतिध्वनीसाठीची जागा, सगळं बसवायचं. १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’त डेव्हिड वाइजने पाण्याखालच्या टप्प्यासाठी जे संगीत रचलं ते त्या ६४ किलोबाइटमध्ये मावलेलं आहे. ऐकताना यावर विश्वास बसत नाही.

आणि जाता जाता एक गोष्ट. सुपर निन्टेन्डोची ही आवाजाची चिप सोनीची, केन कुतारागीने आखलेली. तोच माणूस पुढे प्लेस्टेशनचा जनक म्हणून ओळखला गेला. निन्टेन्डोच्या बाजूने सोनीशी भांडायला निघशील तेव्हा ज्या आवाजाने तुला जिंकलं तो कुणाचा होता, हे ध्यानात ठेव.

आता पडद्याबद्दल. तू सपाट एलसीडीवर, पिक्सेलची धार अगदी काचेसारखी स्वच्छ ठेवून खेळलास आणि ‘सॉनिक’च्या धबधब्यांना ‘उभ्या पट्ट्यांचं ओबडधोबड चित्र’ म्हणालास. त्या पट्ट्या मुद्दाम काढलेल्या आहेत. मेगा ड्राइव्हला अर्धपारदर्शक रंग सहजी दाखवता येत नसे. चित्रकारांना माहीत होतं की साध्या कंपोझिट केबलने जोडलेल्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. म्हणून त्यांनी एक पट्टी पाण्याची, एक रिकामी, अशी मांडणी केली. टीव्हीवर ते पाणी पारदर्शक होई आणि मागून पळणारा सॉनिक त्यातून दिसे. म्हणजे चित्राचा शेवटचा हात टीव्हीने फिरवायचा होता. तू तो हात काढून घेतलास आणि दोष चित्रकाराला दिलास.

प्रमाणाचंही बघ. सुपर निन्टेन्डोचं २५६ बाय २२४ चं चित्र टीव्हीवर चारास तीन या प्रमाणात ताणलं जाई. तू चौकोनी पिक्सेल ठेवलेस, म्हणून तुला पात्रं काटकुळी वाटली. आणि वेग! युरोपातले टीव्ही ५० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला पन्नासदा चित्र रंगवणारे, जपान-अमेरिकेतले ६० चे. ६० साठी बनवलेला गेम फेरफार न करता ५० वर चालवला की तो सहाव्या हिश्श्याने मंदावतो. युरोपातल्या मेगा ड्राइव्हवर पहिला ‘सॉनिक’ असाच मंद चाले, संगीतासकट. त्या आवृत्तीवर वाढलेला माणूस आणि जपानी आवृत्तीवर वाढलेला माणूस ‘सॉनिक’च्या वेगावरून वाद घालत असतील, तर दोघं प्रामाणिक असूनही वेगवेगळ्या गेमबद्दल बोलत असतात.

कंपनीचा निर्णय आणि यंत्राची ताकद यांचीही तू गल्लत केलीस. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम १९९३ मध्ये दोन्ही कन्सोलवर आला. सेगावर एक सांकेतिक बटणमाला दाबली की रक्त दिसे. निन्टेन्डोवर रक्ताच्या जागी करडा घाम. यात चिपचा काहीच संबंध नाही, ते निन्टेन्डोचं धोरण होतं. वर्षभराने दुसरा भाग आला तेव्हा निन्टेन्डोवरही रक्त होतं, कन्सोल तेच. तसंच ‘स्टार फॉक्स’. त्यातली त्रिमितीय विमानं सुपर निन्टेन्डो एकट्याने काढत नव्हता, कार्ट्रिजमध्ये (गेमची कन्सोलच्या खाचेत बसवायची डबी) घातलेली सुपर एफएक्स ही वेगळी चिप काढत होती. मग ते श्रेय तक्त्याच्या कोणत्या रकान्यात घालशील? मला स्वतःला कार्ट्रिजची ही कल्पना फार आवडते. विकून झालेलं यंत्र दर नव्या गेमबरोबर थोडं बदलू शकत होतं.

‘हे आता जुनाट वाटतं’ हे वाक्य तुझ्या लेखात नऊ ठिकाणी आहे. त्यातलं एक उदाहरण घेते. निन्टेन्डोच्या ८-बिट यंत्रावर शत्रू लुकलुकतात, तू त्याला चूक म्हणालास. ते यंत्र पडद्याच्या एका आडव्या ओळीवर आठच स्प्राइट काढू शकतं. नववा आला की तो सरळ दिसेनासा होतो. दिसत नसलेल्या गोळीने खेळाडू मरावा, याहून मोठा अन्याय नाही. म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम फिरवत. एकाने कायमचं गायब होण्यापेक्षा सगळ्यांनी आळीपाळीने लुकलुकावं. ती लुकलुक म्हणजे खेळाडूची घेतलेली काळजी आहे, आणि हे कळल्यापासून मला ती दिसली की बरं वाटतं.

किंवा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, १९८५. सगळा गेम ४० किलोबाइटचा. त्यातले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेले. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गेम थांबवून नुसतं आकाशाकडे आणि मग जमिनीकडे बघत राहिले होते. जुनाट म्हणण्याआधी निदान एवढं विचार: हे असं का केलं असेल?

हातातल्या कन्सोलवर तू फारसं लिहिलं नाहीस, पण तुझ्या तक्त्याची खरी परीक्षा तिथेच आहे. १९८९ चा गेम बॉय: चार करड्या-हिरव्या छटा, पडद्याला मागून उजेड नाही. सेगाचा गेम गिअर पुढच्याच वर्षी रंगीत, उजळ पडदा घेऊन आला. तक्ता मांडलास तर रंग आणि उजेडाच्या रकान्यांत गेम गिअर जिंकतो. पण त्याला सहा बॅटऱ्या लागत आणि त्या काही तासांत संपत. गेम बॉय चार बॅटऱ्यांवर त्याच्या कितीतरी पट चाले. गेम बॉयमागच्या निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईचा आग्रहच असा की मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. त्यात ‘टेट्रिस’ आला, ज्याला रंगाची गरजच नव्हती. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारस मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले. केवळ खप मोठा म्हणून कुणी श्रेष्ठ ठरतो, असं मी तुला कधीच सांगणार नाही. पण प्रवासात, खिशात, उन्हात खेळायच्या यंत्राला ‘पडद्यावर रंग किती’ हा प्रश्न पहिला विचारायचा नसतो, हे योकोईला कळलं होतं.

पहिल्या प्लेस्टेशनवर आणि निन्टेन्डो ६४ वर मी इथे लांबण लावत नाही. एवढंच बघ, की प्लेस्टेशनवर भिंती थरथरतात आणि फरशीच्या रेघा वाकतात, तर निन्टेन्डो ६४ वर कडा स्थिर पण सगळं चित्र पुसट. एकाच्या गणितात अपूर्णांकांची बारीक नोंद राहत नाही आणि पृष्ठभागावर चित्र पसरताना खोलीचा हिशेब धरला जात नाही, दुसऱ्याकडे पृष्ठभागांची चित्रं हाताळायला जेमतेम चार किलोबाइटची जागा. दोघांनी वेगळी किंमत मोजली. आजचे तरुण कलाकार ती थरथर हौसेने नव्या गेममध्ये आणतात, हे बघून मला फार आनंद होतो.

सेगाच्या सॅटर्न या पुढच्या कन्सोलबद्दल तू ‘फसलेला’ लिहून पुढे गेलास. बाजारात तो मागे पडला हे खरं. पण मेमरी वाढवणारं कार्ट्रिज लावून त्यावर ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ खेळ, आणि मग तो शब्द पुन्हा लिहिता येतो का बघ.

अजून एक, आणि हे मला मनापासून टोचतं. ‘आतापर्यंतचे सर्वश्रेष्ठ’ अशी यादी तू शेवटी दिलीस. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. म्हणजे आपण दोघंही उरलेल्या मूठभरांतून निवड करतो आहोत. कार्ट्रिजमधल्या सेव्ह सांभाळणाऱ्या बॅटऱ्या संपत चालल्या आहेत, गेम गिअरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे सुटे भाग) गळताहेत. तुझ्या यादीत न आलेला एखादा गेम वाईट नसेल, तो फक्त तुझ्यापर्यंत पोचला नसेल. जुनं कार्ट्रिज हाताशी असेल तर ते नीट ठेव, बॅटरी बदलून घे.

आता काम. तक्ता बाजूला ठेव. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज २’चा पहिला टप्पा आणि ‘डाँकी काँग कंट्री’चा पाण्याखालचा टप्पा लागोपाठ खेळ, आणि मग दोन्हींचं संगीत डोळे मिटून ऐक. नंतर ‘सॉनिक’ संपेपर्यंत खेळ, मधे सेव्ह न करता. शेवटच्या टप्प्यावर हरलास तर तसंच लिही. जमलं तर कुणाकडचा तरी जुना काचेचा टीव्ही मिळव. नाही मिळाला तर एम्युलेटरमध्ये चारास तीन प्रमाण आणि त्या टीव्हीसारखा दिसणारा फिल्टर लाव. पत्रा अजूनही ऐकू आला तर खुशाल लिही, मी खोडणार नाही.

आणि नवा लेख पाठवशील तेव्हा सगळ्यात वर, शीर्षकाच्याही आधी, तीन गोष्टी लिही: पडदा कोणता, किती हर्ट्झ, आणि आवाज कशातून ऐकलास. मी तिथूनच वाचायला सुरुवात करेन.

तुझी,
ताई