ब्रिक्स 22, तरी गूळ बसेना

प्रश्न (करवीर तालुक्यातील एक गुऱ्हाळमालक): को 86032 या उसाच्या जातीचा खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) आहे. अर्धा प्लॉट जानेवारीत गाळला, गूळ कडक आणि रवाळ निघाला. उरलेला मार्चअखेर तोडला, पण गुळव्या (गूळ रांधणारा कारागीर) नसल्यानं ऊस चार दिवस उन्हात पडून राहिला. रसाचा गोडवा बघायचं मीटर ब्रिक्स 22 दाखवतंय, जानेवारीपेक्षा जास्तच. तरी गूळ बसत नाही, ढेपेला पाणी सुटतं. चुना वाढवू का?

उत्तर: चुना वाढवू नका. बिघाड त्या चार दिवसांत झालाय.

तोडलेल्या उसातही विकरं (एन्झाइम) काम करत राहतात. त्यातलं एक म्हणजे इन्व्हर्टेज. ते उसाच्या साखरेचा रेणू पकडतं, पाण्याच्या मदतीनं त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि पुढचा रेणू धरतं. स्वतः मात्र खर्ची पडत नाही. उभ्या पिकात पानं नवी साखर पुरवत असतात. तोडीनंतर पुरवठा बंद, फोडणं चालूच. ही फुटलेली साखर रवा धरत नाही आणि हवेतला ओलावा ओढते, म्हणून ढेप पाझरते.

जानेवारीत हे जाणवलं नाही, कारण थंडी होती. तापमान 10 अंशांनी वाढलं की विकराचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. 15-16 अंशांची रात्र कुठं आणि 37 अंशांची दुपार कुठं!

ब्रिक्सनं तुम्हाला फसवलं. ते मीटर रसात विरघळलेलं सगळंच मोजतं, अखंड साखर किती आणि फुटलेली किती हे सांगत नाही. त्यात उन्हात उसातलं पाणी उडालं, रस घट्ट झाला, आकडा चढला.

काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) रस 70 अंशांपुढं गेला की इन्व्हर्टेज निकामी होतं. ते प्रथिन आहे, उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही तसंच. पण आंबट रसात नुसत्या उष्णतेनंही साखर फुटते. ताज्या रसाचा सामू (pH, जितका कमी तितका रस आंबट) 5.2 ते 5.4 असतो, शिळ्याचा जिवाणूंमुळं आणखी उतरतो. चुन्याची निवळी तो 6 च्या आसपास आणण्यापुरतीच घाला. फुटलेली साखर चुन्यानं सांधत नाही. उलट जादा चुन्यात ती काळवंडते आणि गूळ काळा पडतो.

पुढच्या तोडीला गुळव्या आणि चुलवण (काहिलीची भट्टी) तयार असल्याशिवाय कोयता लावू नका. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळा, उन्हाळ्यात शक्यतो त्याच दिवशी. थांबावंच लागलं तर सावलीत रचून वर पाचट टाका, पाणी शिंपडा. पाळी संपली की चरक आणि रसाची टाकी गरम पाण्यानं धुवा.

पडून असलेल्या उसाला आंबूस वास येत नसेल तर त्याची काकवी (पातळ गूळ) करा. काकवीत रवा नकोच असतो, त्यामुळं फुटलेली साखर तिथं उपयोगी पडते.