पहिली करवत घेण्याआधी

जुन्या शस्त्रक्रियेच्या अवजारांचा संग्रह करायचा तर, पेटी उघडली की नजर करवतीच्या दात्यांवर जाते, पण तुम्ही आधी मुठी बघा. अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१-६५) शस्त्रक्रियेच्या सुऱ्या-करवतींना बहुधा काळ्या आबनुसाच्या लाकडी मुठी असत, रक्ताळलेला हात घसरू नये म्हणून चौकडीच्या खाचा पाडलेल्या. जंतूंची कल्पना तेव्हा रुजली नव्हती; ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांचं जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचं लेखन १८६७ चं. पुढे अवजारं वाफेवर निर्जंतुक करू लागले, लाकूड त्यात टिकेना, आणि अख्खं अवजारच धातूचं झालं. म्हणून निकेलचा मुलामा दिलेली अखंड धातूची करवत कुणी ‘यादवीतली’ म्हणून दिली तर सरळ नाही म्हणा.

लष्करी शिक्का नसेल तर ते साधं डॉक्टरी अवजार समजा. शिक्का नंतरही मारता येतो, तेव्हा अक्षरांच्या तळाशी जुना गंज आहे का, ते भिंगातून पाहा.

आणि घासू नका! दात उपटायची एक किल्ली, आडवी मूठ न् पुढे आकडा, मी घासून लख्ख केली. त्यात बनवणाऱ्याचं पुसट नावही गेलं. आजही हळहळतो. मऊ कोरडं फडकं पुरतं.