‘लाल’ म्हणजे माणिक नव्हे

विचारणा अशी: मोगल जवाहिरखान्याच्या वर्णनात ‘लाल’ येतो. मराठी भाषांतरात ‘माणिक’ लिहिलं तर बिघडतं का?

बिघडतं. फारसीत माणकाला ‘याकूत’ म्हणतात. ‘लअल’ म्हणजे बदख्शानच्या (आजच्या अफगाणिस्तान-ताजिकिस्तान सीमेवरच्या) खाणींतला वेगळा खडा, आजचा स्पिनेल. आपला रंगवाचक ‘लाल’ही याच शब्दाच्या गोतावळ्यातला, घरचा शब्द तांबडा. काठिण्याच्या मोहस् मोजपट्टीवर माणिक ९, स्पिनेल ८. डायक्रोस्कोप या रंगछटा वेगळ्या करून दाखवणाऱ्या उपकरणातून माणकात दोन छटा दिसतात, स्पिनेलमध्ये एकच. अल्-बिरूनी या विद्वानाने अकराव्या शतकातच हे दोन खडे वेगळे सांगितले होते. युरोपात तो घोळ १७८३पर्यंत चालला.

पण खरी गोम खनिजाची नाहीच. मोगल हा खडा पैलू पाडून लहान करत नसत. मूळ आकार राखून झिलई देत आणि हिऱ्याच्या कणीने त्यावर नाव कोरत. १६२१मध्ये इराणच्या शाह अब्बासने जहांगीरला पाठवलेल्या लालावर आधीच समरकंदच्या उलुगबेगचं, म्हणजे तैमूरच्या नातवाचं, नाव होतं, तैमूरपर्यंतच्या पिढ्यांसकट. जहांगीरने ते खरवडलं नाही. शेजारच्या कोपऱ्यात ‘जहांगीरशाह, अकबरशाहचा पुत्र’ असं कोरवून घेतलं. मोगलांचा पूर्वज तैमूर आणि त्याच्या घराण्याची नावं हातात आली, हेच त्याला रत्नाहून मोलाचं. पुढे शाहजहान आणि आलमगीर (औरंगजेब) यांचीही नावं त्याच खड्यावर चढली. वंशावळच ती, फक्त कागदावर नाही.

इंग्लंडच्या राजसंग्रहातला ‘तैमूर रूबी’ मात्र दोनदा फसवतो. तो रूबी नाही, आणि त्यावर तैमूरचं नावही नाही. राजांच्या नावांत सर्वांत जुनं जहांगीरचं, १६१२चं. त्यावर इराणच्या नादिरशाहने कोरवलेल्या लेखात ‘साहिबकिरान’ ही पदवी आहे. किरान म्हणजे गुरू-शनीची युती, त्या शुभयोगावरचा स्वामी तो साहिबकिरान. पदवी मूळ तैमूरची म्हणून वाचणाऱ्यांनी तैमूरच धरला. पण दिल्ली लुटल्यावर नादिरशाहने ती स्वतःला लावली होती. त्याआधी शाहजहान ‘साहिबकिरान-इ-सानी’, म्हणजे दुसरा, म्हणवून घेत असे. पदवी न कळल्याने रत्नाचं बारसंच चुकलं!

तेव्हा भाषांतरात ‘लाल’ तसाच ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘स्पिनेल’ जोडा. मुळात ‘याकूत’ असेल तिथेच माणिक. आणि ‘लाल रत्न’ तर नकोच, वाचक तो रंग समजेल.