मका: भावाचा अंदाज, पोंग्यातली अळी आणि दुकानदाराची चिठ्ठी

ऑगस्ट २०२५ मध्ये सिल्लोड, कन्नड, येवला, मालेगाव भागातून मक्याबद्दल जे विचारलं गेलं, त्याची उत्तरं एकत्र देतो.

यंदा भाव काय राहील? माल ठेवावा की विकावा?

२०२५-२६ साठी हमीभाव २४०० रुपये क्विंटल ठरला होता. बाजारात तेवढा मिळेलच असं धरून चालू नका. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. कोंबडीखाद्य आणि स्टार्चवाले आधीपासून घेत होतेच, त्यामुळे भाव चढले. ते पाहून कापूस-सोयाबीनला कंटाळलेल्यांनी २०२५ मध्ये मका लावला. क्षेत्र वाढलं. त्यात २०२५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी २२५० रुपये क्विंटलने मिळू लागला, म्हणजे मक्याला स्पर्धक आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यांचा माल एकदम आला की दर दबणार, आणि ओल्या मालाचा आधी दबणार.

"भाव चढणार आहे, खर्चाला मागे हटू नका" असं सांगून दुकानदार औषधं गळ्यात मारतायत. भाव चढो वा पडो, ते बिल तुमच्याच खात्यावर राहतं.

तीन फवारण्या झाल्या, तरी लष्करी अळी जात नाही. डोस वाढवू का?

नाही. डोस वाढवू नका.

गेल्या आठवड्यात अशाच एका शेतात गेलो होतो. पंपात इमामेक्टिन हे कीटकनाशक दुप्पट, सोबत दुसरं एक कीटकनाशक, टॉनिक आणि १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, सगळं एकत्र, दुकानदाराच्या चिठ्ठीप्रमाणे. फवारणी भर दुपारी, वरवर पानांवर. एक पोंगा, म्हणजे झाडाच्या शेंड्याला गुंडाळलेली कोवळी पानं, उकलला. भुशासारख्या विष्ठेच्या बुचाखाली दीड इंचाची अळी आरामात बसलेली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. औषध तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिथे चौपट डोस टाकला असता तरी पोचला नसता.

अळी लहान असतानाच मरते. म्हणून पाच जागी दहा-दहा झाडं बघा. पन्नासात पाच झाडांवर ताजं खाल्लेलं दिसलं तरच फवारा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क. प्रादुर्भाव पुढे गेला तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी, १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. पुढची फवारणी लागलीच तर औषध बदला: क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी, पंपाला ६ मिली. एका वेळी एकच औषध. संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात. क्षेत्र थोडं आणि पीक महिन्याच्या आतलं असेल तर बारीक वाळू नऊ भाग, चुना एक भाग, चिमूटभर पोंग्यात सोडा.

तुरा बाहेर पडल्यावर फवारणी नको. अळी कणसात शिरलेली असते, परागावर मधमाश्या असतात आणि तोच कडबा तुमची जनावरं खाणार असतात. "कणीस भरायला एक हात मारून घ्या" असं दुकानदार म्हणाला तर चिठ्ठी तिथेच ठेवून घरी या. डोस वाढवू नका, औषधं मिसळू नका, हे मी बैठकीत सांगतो आणि लोक माना डोलावून सरळ दुकानात जातात.

पावसानंतर मका पिवळा पडलाय. युरिया टाकू का?

आधी चर काढून पाणी बाहेर काढा. साचलेल्या पाण्यात मुळांचा श्वास कोंडतो, वरून टाकलेला युरिया वाहून जातो. वाफसा आला, म्हणजे मातीतलं जादा पाणी जाऊन नुसती ओल राहिली, की नत्राचा राहिलेला हप्ता द्या, तोही तुरा येण्याआधी. तुऱ्यानंतर युरिया म्हणजे पैसा मातीत.

काढणी कधी करावी?

भावाबद्दल मला विचाराल तर तुमच्या हातात आहे ते इथेच. कणसाच्या मधला दाणा काढा, टोकाकडची खालची बाजू नखाने खरवडा. काळा थर दिसला म्हणजे दाणा पक्व झाला, आता त्यात वजन भरत नाही. पण लगेच मळणी नको. कणसं ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा, मग मळा, आणि १४ टक्के ओलाव्यावर माल न्या. २४ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल १४ वर आला की साधारण ८८ किलो भरतो. म्हणजे समजा सुक्याला २००० दर असेल, तर ओल्याला १७६० च्या आसपास मिळायला हवेत. त्याच्या खाली मागितला तर वाळवून विका. ढीग लावून झाकला तर बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि कोंबडीखाद्यवाला माल परत पाठवतो. गावात चार जणांत मिळून एक ओलावा मापक घ्या. व्यापाऱ्याच्या यंत्रावर वाद घालण्यापेक्षा आपला आकडा खिशात घेऊन जा.

हमीभाव खरेदीला ई-पीक पाहणी (मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद), सातबारा, आधार, बँक पासबुक आणि वेळेत नोंदणी लागते. थांबायचं असेल तर बाजार समितीत माल गहाण ठेवून शेतमाल तारण कर्ज मिळतं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याजाने.

याच रानात रब्बीला पुन्हा मका घेऊ का?

नको. मातीत राहिलेले कोष पुढच्या मक्यावर उठतात. हरभरा घ्या.