लहान शहरात परदेशी पाहुणे घरी ठेवायचे असतील तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मोठ्या शहरात राहत नसताना परदेशी पाहुणा घरी ठेवता येतो का, आणि एका कुटुंबाने असं केल्याने दोन देशांच्या माणसांत खरंच काही जुळतं का? आम्ही सांगलीत बरीच वर्षं असे पाहुणे ठेवतो. माझं उत्तर दोन्हीला हो असं आहे.

दुसऱ्या प्रश्नावर आधी बोलते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथली भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पुढे १९६२ चं युद्ध झालं, तरी भारतभेटीवर आलेले चिनी नेते कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटत राहिले. माणसांची ओळख सरकारांच्या भांडणातूनही टिकते, हे मला तिथे दिसतं.

आता मार्ग. 'सर्वास' ही संस्था १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसांनी एकमेकांच्या घरी राहून ओळख वाढवावी, हा हेतू. पाहुणा सहसा दोन रात्री राहतो, पैशांचा व्यवहार नसतो आणि त्याच्याकडे संस्थेचं परिचयपत्र असतं. घरात जागा नसेल तर नुसतं दिवसाचं यजमान होता येतं. रोटरीच्या युवा विनिमयात मात्र १५ ते १९ वर्षांचा विद्यार्थी जवळपास शाळेचं वर्षभर राहतो, एकाहून अधिक कुटुंबांत. ती जबाबदारी मोठी आहे, पहिल्याच वेळी घेऊ नका.

एक काम मात्र चुकवू नका. परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते (या अर्जाला २०२५ पर्यंत 'फॉर्म सी' म्हणत). हा नियम हॉटेलांना आहे तसा खासगी घरालाही आहे. पासपोर्ट-व्हिसाची माहिती आधीच मागवून ठेवा.

पाहुण्याला घरात अडकवून ठेवू नये, यावर मी ठाम आहे. आपण उत्साहात श्रीखंड-पुरीचा बेत करतो, गणपतीचं देऊळ दाखवतो, फोटो काढतो आणि झालं. त्यात त्याला आपलं गाव भेटतच नाही. आमच्याकडे पाहुणा दळण आणायला गिरणीत येतो, मंडईत पिशवी धरतो, शेजारच्या काकूंकडे चहाला एकटा जातो. संगीताची आवड असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेतो. पंढरपूरकडच्या भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते कारागिरांच्या शेजारी बसून पाहताना भाषेवाचून तासन् तास जातात. हरिपूरला हळदीची पेवं दाखवतो. जमिनीखालच्या त्या कोठारांत वर्षानुवर्षं हळद टिकायची, आणि २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी गेली. हे ऐकल्यावर नेदरलँड्सच्या एका पाहुण्याने त्याच्या गावच्या पुराच्या गोष्टी काढल्या आणि पेवांवरचे शेतकरी त्याच्याभोवती गोळा झाले. दुभाषा मीच होते, पण मला मध्ये बोलायला जागाच उरली नाही! गप्पा अशा रंगल्या पाहिजेत.

शाळेत न्यायचं तर मुख्याध्यापकांशी आधी बोला, हारतुरे नकोत म्हणून सांगा. भाषणापेक्षा मुलांना प्रश्न विचारू द्या. तुमच्याकडे म्हशी आहेत का, आजी कुठे राहते, असे प्रश्न पाहुण्यालाही आवडतात.

पाहुणा जात, हुंडा, घरकामाच्या बाई यांबद्दल विचारणारच. देशाची बाजू सांभाळायला बसू नका. तुमच्या घरात काय चालतं, तुम्हाला त्यातलं काय खटकतं, ते सरळ सांगा. मग त्याच्या देशाबद्दलही मोकळेपणी विचारता येतं. आपली लाज झाकून ठेवली की समोरचाही त्याची झाकतो, आणि गप्पा हवापाण्यावर येऊन थांबतात.

जेवणाचा आग्रह एकदाच करा. उकळलेलं पाणी, कमी तिखट भाजी आणि दार लावून बसायला थोडी जागा एवढं पुरतं. रिक्षाचे, बसचे पैसे कोण देणार ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नाहीतर दोघंही अवघडतात.

तुम्ही आधी 'सर्वास'च्या भारतातल्या शाखेकडे यजमान म्हणून नाव द्या. जुने सदस्य घरी येऊन किंवा फोनवर बोलतात, मगच नाव यादीत जातं. तोवर शेजारच्या दोन-तीन घरांना सांगून ठेवा. पाहुणा येईल तेव्हा एक जेवण तरी त्यांच्याकडे झालं पाहिजे.